मागे ठेवलेली व्हायल

"एकपण नाही?" ससेवालीने विचारलं.

"बघ ना तूच," मी म्हणाले आणि मायक्रोस्कोपसमोरची खुर्ची तिला दिली.

ती वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. फ्लास्क थोडा डावीकडे सरकवला, थोडा उजवीकडे, परत डावीकडे. हरवलेली किल्ली माणूस त्याच त्या खणात पुन्हा पुन्हा शोधतो, तसं चाललं होतं तिचं. मला शोधायची गरज नव्हती. जिवंत पेशी तळाला चिकटतात, हातपाय पसरतात. मेलेल्या गोल होऊन वर तरंगतात. या फ्लास्कमध्ये झाडून सगळ्या तरंगत होत्या, आणि शेजारच्या फ्लास्कमध्येही तेच.

मागे बाकीचे पाच जण उभे होते. ही सहा जणांची तुकडी आदल्या दिवशी, सोमवारी, आमच्याकडे दाखल झाली होती. नुकतेच शास्त्रज्ञ झालेले किंवा होऊ घातलेले, वय सत्तावीस-अठ्ठावीस. प्रशिक्षण दोन आठवड्यांचं. साबण, मलमं, औषधं प्राण्यांच्या अंगावर तपासण्याऐवजी माणसाच्याच पेशींवर कशी तपासायची, ते शिकायला आलेले. प्रत्येकाने आपापल्या संस्थेतून त्वचेला लावायचं काहीतरी बरोबर आणलं होतं. मी स्वतः शास्त्रज्ञ नाही, टेक्निशियन आहे. पण पिपेट कसं धरायचं आणि हूडच्या निर्जंतुक काचपेटीपुढे श्वास कसा आवरायचा हे गेली बावीस वर्षं मीच शिकवते. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता मोठमोठ्या सभागृहांत भाषणं ठोकतात. मी त्या वेळी मागे उभी राहून प्रोजेक्टर चालू आहे ना ते बघते.

पोरांनी पहिल्याच दिवशी माझं नाव पाडलं होतं, "उणे ऐंशी". आमच्या मोठ्या फ्रीजरचं तापमान. मला जेवणाच्या खोलीबाहेरून ऐकू आलं होतं. राग आला नाही. मीही त्यांची नावं पाडलीच होती. ससेवालीने पाच वर्षं सशांवर काम केलं होतं आणि कुठलंही वाक्य ती सशापाशीच आणून सोडायची. दुसरा एक होता, दर दोन मिनिटांनी हात वर करणारा. तो शंकासुर.

"मॅडम, असं कशामुळे होऊ शकतं?" शंकासुराने विचारलंच.

मला माहीत होतं कशामुळे. गोठवलेल्या पेशी जागवताना व्हायल, म्हणजे ती करंगळीएवढी प्लॅस्टिकची नळी, कोमट पाण्यात धरायची असते. आत मोहरीएवढा बर्फ उरला की लगेच बाहेर. कारण थंडीत ज्या द्रवाने पेशींना वाचवलेलं असतं, तोच द्रव ऊब लागली की त्यांना मारतो. सोमवारी हे मी दोनदा सांगितलं, करून दाखवलं, दोन्ही व्हायली ससेवालीच्या हाती दिल्या आणि तेवढ्यात साहेबांनी सहीसाठी बोलावलं म्हणून गेले. जायला नको होतं. ही माझी चूक.

ससेवालीने डोकं वर केलं. डोळे लाल झाले होते.

"मी जास्त वेळ ठेवल्या," ती म्हणाली. "बर्फ गेल्यावरपण. पाच-सहा मिनिटं."

"का?"

"गारठल्या असतील असं वाटलं. सशाचं पिल्लू गार पडलं ना मॅडम, की आम्ही त्याला चांगलं गरम होईपर्यंत सोडत नाही. घाई केली की मरतं ते. हात आपोआप तसाच..."

एवढ्या वर्षांत पेशी मारायच्या तऱ्हा मी पुष्कळ पाहिल्या. कुणी बाटली उघडी ठेवली, कुणी हूडचा पंखा चालू करायला विसरला, एकाने तर मीडियमऐवजी, म्हणजे पेशींच्या पातळ खाण्याऐवजी, साधं पाणी घातलं होतं. पण मायेने मारलेल्या पेशी मी पहिल्यांदाच पाहत होते. तिला ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. साहेबांकडे तोडगा नेहमी तयार असतो.

"नव्या पेशी मागवल्या तर तीन आठवडे. त्यापेक्षा व्हिडिओ दाखवा ना उरलेले दिवस. प्रमाणपत्रं काय, छापलेलीच आहेत."

"टाकीत त्वचेच्या दुसऱ्या नाहीत का?" त्यांनी जाता जाता विचारलं. "बघून घ्या रजिस्टरला."

"बघते," मी म्हणाले.

रजिस्टर बघायची गरज नव्हती. द्रव नायट्रोजनच्या त्या टाकीत यकृताच्या होत्या, फुप्फुसाच्या होत्या. त्वचेची एकच व्हायल उरली होती, त-२३. सगळ्यात खालच्या कप्प्यात, कोपऱ्यात, आणि रजिस्टरमध्ये तिच्यासमोर माझ्याच अक्षरात "राखीव" लिहिलेलं होतं. कशासाठी राखीव, हे सात वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

त-२३ म्हणजे माझी आई.

नियमाप्रमाणे मला हे ठाऊक नसायला हवं होतं. आमच्याकडे ऑपरेशनमध्ये काढून टाकलेली त्वचा येते, दात्याच्या संमतीने, पण नावाशिवाय. कागदावर एवढंच: स्त्री, वय सहासष्ट, पोटाची त्वचा. पण त्या महिन्यात पोटाची एकच त्वचा आली होती, आणि त्या पोटावर डोकं ठेवून मी लहानपणी झोपले होते. अकरा वर्षांपूर्वी आईचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा वरची सैल त्वचाही काढावी लागणार होती. मी संमतीचा कागद पुढे केला तर ती हसली. "घे की. जन्मभर हे पोट कमी व्हावं म्हणून धडपडले. कुणाच्या तरी कामी येऊ दे."

नऊ व्हायली झाल्या होत्या. आईला मी घरी येऊन खबर द्यायची.

"काय म्हणतायत माझ्या पेशी?"

"वाढतायत. हट्टी आहेत."

"मग गुडघ्यातपण थोड्या वाढव म्हणावं."

तेव्हा आम्ही दोघीच राहायचो. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात. पेशींना दर दुसऱ्या दिवशी खायला घालावं लागतं, त्यात रविवारही येतो, सणवारही येतो. माझं लग्न झालं नाही त्याला पेशी कारण नाहीत, पण लोकांना सांगायला ते कारण सोयीचं पडलं. आई म्हणायची, "एवढ्यात गाय पाळली असतीस तर दूध तरी मिळालं असतं."

आणि सात वर्षांपूर्वीच्या एका रविवारी सकाळी मी म्हणाले, तासाभरात येते. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. "जा, जा, हंबरत असतील तुझी गुरं," ती म्हणाली. मी दीड तासाने आले तेव्हा खुर्चीतच होती, मान कलती, चष्मा मांडीवर. अर्धा तास आधी आले असते तर, हा विचार मी सात वर्षं करते आहे. डॉक्टर म्हणाले काही फरक पडला नसता. डॉक्टरांना तसं म्हणावंच लागतं.

मी चौथ्या दिवशी कामावर गेले. घरी आले तर कपाट मोकळं. कपडे, चष्मा, तिची उशी, औषधांचा डबा, सगळं भावाने गाडीत भरून देऊन टाकलं होतं. "तुला त्रास नको म्हणून केलं, ताई," तो म्हणाला. चांगल्या मनानेच केलं त्याने. मला त्याच्यावर चिडताही आलं नाही. नंतर टाकी उघडून बघितलं, एकच व्हायल उरली होती. रजिस्टर घेतलं आणि "राखीव" लिहिलं.

हे सगळं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला कुणी असावं लागतं.

मंगळवारी दुपारी सगळे घरी गेल्यावरही ससेवाली धुण्याच्या सिंकपाशी उभी होती. मेलेल्या पेशींचे फ्लास्क तिने घासूनपुसून ठेवले होते. ते खरं तर फेकायचे असतात.

"मी जाते मॅडम परत. सशांकडे. तिथे निदान मेलं तर का मेलं ते कळतं मला."

"तुझं काय आहे तपासायला?"

"मलम. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमांसाठी." तिने सिंकची तोटी उगाच घट्ट केली. "अठरा ससे आणून ठेवलेत आमच्याकडे. सर म्हणाले, इथून आकडे आणलेस तर सुरुवातीची चाचणी सशांवर करायची नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. नाही आणले तर सोमवारपासून पाठी भादरायच्या."

पाठी भादरणं म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. बाविसाव्या वर्षी मी नोकरीला लागले ती आमच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये, आणि तेरा वर्षं सशांच्या पाठीवरचे केस काढून त्यावर कायकाय लावत होते. घरी आले की आई आधी हात धुवायला लावायची. एकदा तिने विचारलं, "ओरडतात का गं ते?"

"नाही. ससे ओरडत नाहीत."

"मग दुखतंय ते कळतं कसं?"

मला उत्तर आलं नव्हतं. म्हणजे लाल झालेल्या त्वचेला किती गुण द्यायचे ते येत होतं. आईने विचारलं होतं ते येत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी आले, सकाळचं गरम केलं आणि ओट्यापाशी उभ्यानेच खाल्लं. एकटं माणूस बसून जेवत नाही, ताट घ्यायचाही कंटाळा करतं. समोरच्या भिंतीकडे बघत मी स्वतःशी घासाघीस केली. व्हायल काढली तर पेशी वाढतील. वाढल्या की त्यातल्या थोड्या परत गोठवता येतील. म्हणजे पोरांचंही काम होईल आणि माझ्याकडेही एक राहील. उत्तर इतकं सोयीचं होतं की मला जरा लाजच वाटली. तरी बुधवारी सकाळी लवकर जाऊन एक नवी, रिकामी व्हायल घेतली, न पुसणाऱ्या पेनाने त्यावर "त-२३" लिहिलं आणि अ‍ॅप्रनच्या खिशात टाकली.

टाकीचं झाकण उघडलं की पांढरी वाफ बाहेर येते आणि पायांवर उतरते. मी जाड हातमोजे घालून सगळ्यात खालचा कप्पा वर ओढला. व्हायल छोटी, पांढरी पडलेली. वरची तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

"जुन्या आहेत खूप," शंकासुर म्हणाला. "चालतील का मॅडम?"

"उणे एकशे शहाण्णवला वय वाढत नाही." मी ससेवालीकडे वळले. "ये. हात पूस."

"मी?" ती मागे सरकली. "नको मॅडम. दुसऱ्या कुणालातरी द्या."

"दुसऱ्यांनी चूक कुठे केलीय? ज्याने केली त्यालाच नीट करता येईल."

असं म्हणाले खरी, पण माझ्या हाताने ती व्हायल सोडली नाही लगेच. तिने दोनदा ओढली तेव्हा सुटली. तिला वाटलं असेल मोजा अडकला.

तिने ती पाण्यात धरली आणि हळूहळू फिरवत मोठ्याने सेकंद मोजायला लागली. पन्नास. साठ. मी या वेळी कुणीही बोलावलं असतं तरी हलणार नव्हते. सत्तर. आतला बर्फ हरभऱ्याएवढा झाला. ऐंशी. नव्वदला मोहरीएवढा राहिला आणि तिने झटकन व्हायल बाहेर काढली, इतक्या जोरात की पाणी माझ्या चष्म्यावर उडालं. कुणी हसलं नाही. मग थेंब थेंब मीडियम, मग फ्लास्क, मग इन्क्युबेटरच्या उबदार कपाटाचं दार बंद. दाराच्या काचेपलीकडे तो गुलाबी फ्लास्क आडवा दिसत होता.

गुरुवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी तासभर गेले. डोळा लावायला धीर होईना, म्हणून आधी टेबल पुसलं. मग बघितलं. तळाला चिकटलेल्या होत्या, बाजूला एकमेकींना लागून छोटे छोटे पुंजके. काही तरंगत होत्या, पण थोड्या. अकरा वर्षं त्या थंडीत काढून या खाली बसून कामाला लागल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी दार लावून घेतलं आणि रडले.

ससेवाली आली, तिने बघितलं आणि उड्या मारल्या. प्रयोगशाळेत उड्या मारत नाहीत, असं मी तिला सांगितलं.

रविवारी खायला घालायला मी एकटीच जाते. बसमध्ये बहुतेक मीच असते. जुनं मीडियम काढलं, नवं कोमट करून घातलं. फ्लास्कचा निम्म्याहून जास्त तळ भरला होता. हात चालू होते आणि डोक्यात एकच येत होतं. त्या रविवारी मी आईला एकटं सोडून पेशींना खायला घालायला आले होते. आज जिला खायला घालत होते ती... मी वाक्य पुरं केलं नाही. पुरं करण्यात अर्थ नव्हता. पेशी म्हणजे आई नव्हे, एवढं शिक्षण माझं झालेलं आहे. तरी मीडियम घालताना मी तोंडाने "झालं हं, झालं" म्हणाले, तिला औषध पाजताना म्हणायचे तसं.

मागे चाहूल लागली. ससेवाली दारात उभी होती.

"राहवेना," ती म्हणाली. "बघून जाते फक्त."

मी तिला स्टूल दिलं. दोघी बसलो. सुट्टीच्या दिवशी इमारतीत फक्त फ्रीजरची घरघर असते. सवय असली की ती सोबतीसारखी वाटते, आणि दुसरं माणूस आलं की लक्षात येतं की ती नुसती घरघर आहे.

"आम्ही तुम्हाला काय म्हणतो माहितीये मॅडम?" तिने जरा भीत विचारलं.

"माहितीये. बरोबर आहे. तापमान खाली गेलं की टिकतं."

ती हसली. मग फ्लास्ककडे बघत म्हणाली, "कुणाच्या आहेत या? म्हणजे, कोण असेल ती?"

"स्त्री, सहासष्ट, पोटाची त्वचा."

"बिचारीला पत्तापण नसेल आपण तिच्या जिवावर काय काय करतोय."

"पत्ता होता तिला. सही करून दिल्यात. जबरदस्तीने घेतलेलं इथे काही नसतं." माझा आवाज चढला असावा, कारण तिने स्टूल जरा मागे घेतलं. मी विषय बदलला. "मला एक सांग. सशाला दुखतंय हे तुला कळायचं?"

"हो. तो बोलत नाही, पण कान मागे घेतो. आणि दात घासतो हळूहळू. जवळ कान नेला तरच ऐकू येतं."

मी तेरा वर्षं सशांजवळ काढली आणि कान कधी नेला नव्हता. या मुलीने नेला होता. आईच्या प्रश्नाचं उत्तर इतक्या वर्षांनी मिळालं, आणि द्यायला घरी कुणी नव्हतं.

सोमवारी पेशी तळापासून सोडवून मोजायच्या होत्या. सहा जणांच्या सहा प्लेट, एका प्लेटला दहा लाख पेशी. म्हणजे साठ लाख. गोठवायच्या तर आणखी दहा लाख हव्यात. ससेवाली मायक्रोस्कोपवर, हातात मोजणीचं यंत्र, टक टक टक. मी अ‍ॅप्रनच्या खिशात बोटांनी ती रिकामी व्हायल चाचपत उभी होते. फ्लास्क भरलेला दिसत होता. माझ्या अंदाजाने पंचाहत्तर तरी निघाल्या असत्या.

"एकसष्ट लाख," ती म्हणाली.

"उठ." मी बसले आणि स्वतः मोजलं. साडेसाठ आल्या. आणखी दोन दिवस वाढवता आल्या नसत्या का? नसत्या. बुधवारी पदार्थ घालायचे, गुरुवारी आकडे, शुक्रवारी सगळे परत. शिवाय वय झालेल्या दात्याच्या पेशी; कडेकडेच्या काही आत्ताच रुंद, थकल्यासारख्या दिसायला लागल्या होत्या. जे काय गोठवायचं ते आज, नाहीतर कधीच नाही.

"मॅडम," शंकासुराचा हात वर, "बॅकअप? तुम्हीच सांगितलंत ना पहिल्या दिवशी, काही झालं तरी थोड्या पेशी मागे ठेवायच्या म्हणून?"

सांगितलं होतं. बावीस वर्षं प्रत्येक तुकडीला सांगते. सगळ्या पेशी कधी वापरायच्या नाहीत. जो मागे ठेवत नाही तो उद्या माझ्या दाराशी रडत येतो.

"बॅकअप ठेवायचा तर एक प्लेट कमी होईल," मी म्हणाले. आवाज अगदी साधा आला.

"माझी करा ना कमी," ससेवाली म्हणाली. ती आधीपासून विचार करून बसली असावी. "आधीच्या मीच घालवल्या. यांच्या पाच होऊ देत. माझ्या वाटणीच्या ठेवा मागे. नियम आहे ना तो."

ती मनापासून म्हणत होती. आणि मला, खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा हायसं वाटलं. मी नुसतं "बरं" म्हणायचं होतं. कुणी एका शब्दाने दोष दिला नसता, उलट शिस्तीची बाई म्हणून कौतुक झालं असतं. खिशातल्या व्हायलचं झाकण मी अंगठ्याने सैल केलं होतं.

"तुझे ससे किती म्हणालीस?"

"अठरा."

दात घासतात म्हणे, हळूहळू. जवळ गेलं तरच ऐकू येतं. मला हात धुवायला लावणारी आई आठवली, ओट्यापाशी उभी राहून विचारणारी. तिने सही केली होती ती टाकीच्या तळाशी कोपऱ्यात राहण्यासाठी केली नव्हती. कुणाच्या तरी कामी येऊ दे म्हणाली होती. राखीव मी लिहिलं, तिने नव्हे.

मी खिशातून हात बाहेर काढला. झाकण परत घट्ट केलं आधी.

"पिपेट धर," मी म्हणाले. "सहा प्लेट. तुझी आधी भर."

"पण मॅडम, नियम..." शंकासुर म्हणाला.

"नियम बरोबर आहे. मी आज मोडतेय. वहीत तसं लिही आणि तू कधी मोडू नकोस."

ती भरायला बसली. हात छान चालत होता तिचा, शांत. एका ओळीत बारा खळगे, अशा आठ ओळी, प्रत्येकात एकसारखा थेंब. मी तिच्या मागे उभी राहून शेवटच्या खळग्यापर्यंत बघितलं.

गुरुवारी आकडे आले. जिवंत पेशी रंगाला जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. ससेवालीच्या प्लेटवर मलमाच्या ओळी जांभळ्याच राहिल्या, फक्त अगदी दाट मलमाची ओळ फिकट झाली. म्हणजे मलम कुठवर सुरक्षित आणि कुठून त्रासदायक, ते समोर लिहिल्यासारखं दिसत होतं. तिने आकडे पाठवले आणि बाहेर जाऊन तिच्या सरांशी बोलून आली. चेहरा पडलेला.

"बारा परत पाठवतायत. सहा ठेवणार. पूर्ण विश्वास नाही म्हणाले." ती माझ्याकडे बघेना. "अठरांचं म्हणाले होते मॅडम. सहा राहिलेच."

"बारा गेले ना?"

"हो, पण..."

"पण नाही. मी तेरा वर्षांत एकही परत पाठवला नाही. बारा म्हणजे बारा."

शुक्रवारी प्रमाणपत्रं वाटली. साहेबांनी भाषण केलं, फोटो काढले. मी प्रोजेक्टरजवळ होते. ससेवाली जाताना जवळ आली, काय करावं न कळून तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. "परत येईन," म्हणाली. असं सगळेच म्हणतात, आणि येत नाहीत असं नाही, फोन करतात.

सगळे गेल्यावर मी प्लेटा गोळा केल्या. धुवायच्या डब्यात ब्लीच ओतलं. फ्लास्कच्या तळाला मोजणीतून सुटलेल्या थोड्या पेशी चिकटून होत्या, रुंद, थकलेल्या, आता न वाढणाऱ्या. त्यांना परत इन्क्युबेटरमध्ये ठेवून काही उपयोग नव्हता. मी त्यात ब्लीच घातलं. मीडियमचा गुलाबी रंग पिवळा झाला, मग पाण्यासारखा. मी तो पूर्ण जाईपर्यंत थांबले. मग रजिस्टर काढलं, "राखीव" वर एक रेघ मारली आणि पुढे लिहिलं, "प्रशिक्षणासाठी वापरल्या. शिल्लक नाही." खाली सही केली.

रविवारी जाग नेहमीच्याच वेळेला आली. चहा घेतला, कपडे केले, अंगात कोट अडकवला आणि थांब्यावर जाऊन उभी राहिले. बस आली, दार उघडलं. पाय उचलला तेव्हा आठवलं की इन्क्युबेटर रिकामा आहे. नव्या पेशी यायला अजून तीन आठवडे होते.

"चला ना," ड्रायव्हर म्हणाला. तो मला चेहऱ्याने ओळखतो.

"नाही. आज काही काम नाही तिकडे."

"मग इथे कशाला उभ्या?"

"सवय."

तो हसला. "मग घरी जा, आराम करा. घरचे खूश होतील एका रविवारी."

"हो," मी म्हणाले.

दार बंद झालं आणि बस रिकामीच पुढे गेली. मी बाकावर बसले. कोटाच्या खिशात ती व्हायल होती, शुक्रवारी अ‍ॅप्रन धुवायला टाकताना काढून घेतलेली. वर माझ्या अक्षरात "त-२३", आत काही नाही. मी ती मुठीत धरून बसले. आता ती कितीही वेळ गरम केली तरी चालणार होतं.